ठोका खाणारी गाडी

१

सुट्टीच्या दिवशी दुपारची जेवणं आटोपली की आमच्या घरात दोन आवाज सुरू व्हायचे. आतल्या खोलीत बायकोचं पायाचं शिलाई मशीन, आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझी मोटरसायकल. मधे एक भिंत आणि भिंतीत गजांची खिडकी. खिडकीला पडदा नाही. बायको दिवसभर लोकांचे पडदे शिवायची, स्वतःच्या खिडकीचा राहूनच गेला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मला मात्र ते बरं होतं. गाडीशी खटपट करता करता मान वर केली की ती दिसायची. चष्मा नाकावर घसरलेला, ओठांत टाचण्या, आणि खाली फळीवर पाय एका लयीत चाललेले.

गाडी बरीच जुनी. एका फोटोग्राफरकडून घेतली तेव्हा टाकीला गंज चढला होता, सीट फाटलं होतं आणि वायरिंग म्हणजे नुसता गुंता होता. मी एकेक करत सगळं मार्गी लावलं. सीटचं कव्हर बायकोने शिवून दिलं. शिवताना म्हणाली, "सवतीचे कपडे शिवणारी मी पहिलीच बाई असेन."

राहिलं होतं ते एकच. गाडी ठोका खायची. एका सिलिंडरचं इंजिन, त्यात पेट्रोल पेटतं आणि ठोका पडतो, पुन्हा पेटतं, पुन्हा पडतो. हिचं मधेच एखाद्या वेळी पेटायचंच नाही. ठक, ठक, आणि मग एक जागा रिकामी. पुढे पुन्हा ठक. बंद पडायची नाही, धूर सोडायची नाही, पण ती रिकामी जागा माझ्या कानात कुसळासारखी टोचायची. माझं सगळं आयुष्य लिफ्टच्या दुरुस्तीत गेलं. आमच्या कामात डोळ्यांपेक्षा कान मोठे. दोर, चाक, ब्रेक, सगळं आधी आवाजातून बोलतं.

गाडी विकताना तो फोटोग्राफर म्हणाला होता, "चांगली आहे. मधेच एखादा ठोका खाते. खाऊ द्या तिला."

मी हसलो. मनात म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं. याला जमलं नाही, म्हणून आता गाडीचा स्वभाव काढतोय.

२

माझा एक नियम आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, इंजिन चालू करून ऐकायचं, मगच पुढच्या गोष्टीला हात घालायचा. आणि काढलेला जुना भाग कधी फेकायचा नाही. नव्याने फरक पडला नाही तर जुन्याकडे परत जाता आलं पाहिजे. जुन्या भागांसाठी मी एक पत्र्याचा डबा ठेवला होता. बायको त्याला माझं माहेर म्हणायची.

माझा मेव्हणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, जनरेटर दुरुस्त करतो. त्याला माझ्या नियमाचं हसू यायचं. "दाजी, एकदम सगळं नवीन टाका आणि मोकळे व्हा. नाहीतर मला द्या एक दिवस."

"हात लावून तर बघ," मी म्हणायचो.

"ताई, तुझा नवरा गाडी दुरुस्त करत नाही गं, गाडीशी संसार करतोय."

"करू दे," ती आतून म्हणायची. "तेवढाच माझा जीव सुटतो."

प्लगपासून सुरुवात केली. काढला तर काळा कुळकुळीत. नवा बसवला, किक मारली. लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, त्याचं टोक इंजिनवर टेकवलं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावली. हे आमचं जुनं यंत्र. बाहेरचा गोंगाट गळून पडतो आणि आतलं तेवढं ऐकू येतं. ठोके आधीपेक्षा बरे पडत होते. रिकाम्या जागा कमी झाल्या होत्या, पण गेल्या नव्हत्या.

इंजिन बंद केलं तेव्हा आत बायको पुटपुटत होती.

"काय झालं?"

"मशीन टाका सोडतंय."

मी आत जाऊन बघितलं. सरळ शिवणीत मधेच एक टाका सुटला होता, पुढे पुन्हा सगळे सरळ. मी म्हटलं, सुई बोथट झाली असेल. तिने सुई बदलली. टाका सुटतच राहिला.

३

पुढच्या सुट्टीला कार्बोरेटर उघडला. पेट्रोल सोडणाऱ्या जेटची भोकं इतकी बारीक असतात की एखादा कण अडकला तरी गाडी रडते. सगळं पेट्रोलमध्ये धुतलं, फुंकून साफ केलं, परत बसवलं. गाडी आणखी सुधारली. आता रिकामी जागा यायला इतका वेळ लागायचा की मी वाट बघत बसायचो, आणि आली की ओळखीचं माणूस दिसावं तसं वाटायचं.

आत बायको शिवताना गुणगुणत होती. शब्द नाहीत, नुसती चाल, तिची नेहमीची. इंजिन थंड होत होतं आणि मी चिंधीने हात पुसत होतो. गुणगुणणं मधेच तुटलं. थांबलं असं म्हणता येत नाही. थांबलं की माणूस श्वास घेतो, पुन्हा धरताना सूर थोडा हलतो. इथे सूर होता, नव्हता, आणि पुन्हा पुढच्याच स्वरावर होता. मधला एक स्वर कोणी कात्रीने काढून घेतल्यासारखा.

मी नीट ऐकत उभा राहिलो. पुन्हा तेच झालं.

त्या रिकाम्या जागेची लांबी मला पाठ होती. कितीतरी सुट्ट्या मी तेवढ्या जागेच्या मागे घालवल्या होत्या. ती तीच होती.

"अगं, मधेच का थांबतेस?"

"कुठे थांबले?"

"गुणगुणताना."

"कान तपासून घ्या," ती म्हणाली. "दिवसभर त्या फटफटीला कान लावून बसता, दुसरं काय होणार?"

मला ते पटलंही. कानात एखादा आवाज बसला की तो सगळीकडे ऐकू येतो. नवीन लिफ्ट बसवली की महिनाभर मला झोपेतही तिची मोटर ऐकू यायची. मी स्वतःची समजूत घातली आणि चहा प्यायला आत गेलो.

४

पॉइंट म्हणून एक भाग असतो. दोन छोटे धातूचे तुकडे सतत जुळतात आणि सुटतात, आणि ते सुटले की प्लगला ठिणगी मिळते. माझ्या गाडीतले जळून खरबरीत झाले होते. बारीक पॉलिश कागदाने घासले, फट मोजून बरोबर लावली. त्या दुपारी गाडीने क्वचितच ठोका खाल्ला. मी शीळ वाजवत आत आलो.

बायको चहा ओतत होती. किटलीतून धार कपात पडत होती आणि ती शेजारणीच्या पडद्यांचं सांगत होती. "तिला म्हटलं, एवढ्या मोठ्या खिडकीला हे कापड..." आणि धार तुटली. किटली वाकडीच होती, हात हलला नव्हता. तरी किटलीचं तोंड आणि कप यांच्या मधे, हवेत, काहीच नव्हतं. मग धार पुन्हा होती. "पुरणार नाही," ती म्हणाली. कप भरला.

मी कपाकडे बघत राहिलो.

"माशी पडली का?"

"नाही."

"मग प्या की. एकटक काय बघताय?"

मी प्यालो. आपण पापणी मिटतो ते आपल्याला कळत नाही, मीही मिटली असेल, असं म्हणत मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. डॉक्टर बाईने थेंब दिले. म्हणाली, या वयात डोळे कोरडे पडतात. मी मन लावून थेंब घातले. थेंबांनी डोळे गार व्हायचे, बाकी काही नाही. बायको बोलता बोलता एखादा शब्द गाळायची आणि तिला त्याचा पत्ताही नसायचा. वाक्य पुढे तसंच चालू राहायचं. मी त्या जागी बसेल असा शब्द मनात घालून घ्यायचो. इतक्या वर्षांच्या संसारात तेवढं जमतंच.

दोन गोष्टींचा संबंध मी तेव्हाच लावायला हवा होता असं आज वाटतं. पण कोण लावेल? दुरुस्ती करणारा माणूस दुरुस्तीवर संशय घेत नाही.

५

मग राहिला कंडेन्सर. अंगठ्याएवढी पत्र्याची डबी. तो म्हातारा झाला की पॉइंटवर निळ्या ठिणग्या उडतात. शेडचं दार लोटून अंधार केला आणि बघितलं, तर उडत होत्या. मला इतका आनंद झाला की मी एकटाच हसलो. नवा कंडेन्सर बसवला, जुना डब्यात टाकला, किक मारली.

गाडी अशी चालली की काय सांगू. ठक ठक ठक ठक, एकही जागा रिकामी नाही. मी स्क्रूड्रायव्हर लावून बराच वेळ ऐकलं. सलग, गोल, भरलेला आवाज. आयुष्यात मोजकीच कामं अशी होतात. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, सांगायला लाज कसली.

तिला ऐकवावं म्हणून मी खिडकीकडे मान वर केली.

मशीन चालू होतं. चाक फिरत होतं, खालची फळी वरखाली होत होती, कापड सुईखालून पुढे सरकत होतं. स्टूल रिकामं होतं.

मग ती स्टुलावर होती. चष्मा घसरलेला, ओठांत टाचण्या. आली नाही, बसली नाही, नुसती होती.

स्क्रूड्रायव्हर अजून माझ्या कानाला होता. स्टूल रिकामं होतं तेवढ्यात त्यातून मला काहीतरी ऐकू आलं होतं. इंजिनच्या खूप आतून, ठोक्यांच्या खाली. फळीवर पाय चालवल्याचा आवाज होता तो. आणि ती चाल, शब्द नसलेली.

मी इंजिन बंद केलं.

"का हो बंद केली?" ती आतून म्हणाली. "छान चालली होती आज."

६

मला वाटलं, इंजिन बंद म्हणजे विषय बंद. तसं झालं नाही. गाडी शेडमध्ये गप्प उभी होती, पण ती आतून नीट होती, आणि तेवढंच पुरेसं होतं.

आम्ही बाजारात गेलो. रस्ता ओलांडताना मी तिचा हात धरला. तिचा हात मला नीट ठाऊक आहे, बोटाच्या टोकाला सुईने टोचून टोचून कडक झालेली कातडी. रस्त्याच्या मधोमध माझी मूठ मिटली. आत काही नव्हतं. माझी बोटं माझ्याच तळव्याला लागली. लगेच मूठ पुन्हा उघडली गेली, कारण आत तिचा हात होता.

"एवढा काय दाबताय? मोडाल," ती म्हणाली.

पलीकडे पोचलो. मी तिला बाकावर बसवलं, तिच्यासमोर उभा राहिलो आणि नुसता बघत राहिलो. लोक जात येत होते.

"अहो, बरं वाटत नाही का?"

"मला वाटतंय. तुला?"

"मला काय धाड भरलीय?"

तिला खरंच काही होत नव्हतं. जी नसते तिला आपण नव्हतो हे कसं कळणार? कळायचं ते मलाच होतं. मला भीती वाटत होती, सरळ सांगतो. आज एक ठोका. उद्या दोन सलग. लिफ्टचा दोर एकदम तुटत नाही, आधी एक तार जाते, मग दुसरी. बघणारा म्हणतो, अजून बऱ्याच आहेत की.

७

मी फोटोग्राफरकडे गेलो. पुढे त्याचं दुकान, मागे घर. मला बघताच त्याने आत नेलं आणि चहा ठेवला. ताटाळ्यात दोनच कप होते. एक रोजच्या वापरातला, कडा उडालेला. दुसऱ्यावर धूळ होती. तो धुऊन त्याने मला दिला.

"तुम्ही कधी ती गाडी नीट केली होती का?" मी विचारलं.

"एकदा केली होती," तो म्हणाला. "अगदी नीट. दिवसभर फिरवली. मग घरी आलो."

"मग?"

"मग काही नाही. घरी आलो, दार उघडलं. तेवढंच आठवतं." त्याने चहात साखर घातली, ढवळली, आणि विसरून पुन्हा घातली. "दुसऱ्या दिवशी मी ती परत बिघडवून ठेवली. का, ते विचारू नका. मला माहीत नाही. उशीर झाला असं मात्र वाटत होतं."

"घरी कोण कोण होतं तुमच्या?"

"मी एकटाच आहे. पहिल्यापासून." तो म्हणाला आणि भिंतीकडे बघत राहिला.

भिंतीवर एक फोटो होता. तरुणपणीचा तोच, कुठल्याशा बागेत. तो अगदी डाव्या कडेला उभा होता. उजवीकडे सगळी मोकळी जागा. त्याचा उजवा हात खांद्याइतक्या उंचीवर उचललेला होता आणि पंजा कशावर तरी ठेवल्यासारखा वाकलेला. खाली हवा होती. तो हसत होता, पण कॅमेऱ्याकडे बघून नाही. त्या मोकळ्या जागेकडे बघून.

"टायमर लावून मीच काढलाय," तो म्हणाला. "मी फोटोग्राफर आहे हो. अशी चौकट मी लावणारच नाही. माणूस कडेला ढकलून मधे नुसती झाडं. हा फोटो चुकलाय. दहा वेळा काढून टाकायला गेलो." त्याने मान हलवली. "हात कुठे ठेवलाय मी, ते बघतो आणि परत लावतो."

मी चहा अर्धा टाकून निघालो.

८

घरी आलो तो थेट शेडमध्ये. डब्यातला जुना प्लग आणि जुना कंडेन्सर काढला, फुंकून पुसले, परत बसवले, पॉइंटची फटही होती तशी बिघडवली. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादं यंत्र जाणूनबुजून बिघडवत होतो, आणि देवाला सांगत होतो की हे बिघडू दे. किक मारली. ठक, ठक, ठक. मी मोजत होतो. ठक, ठक, आणि मग ती रिकामी जागा आली. मी तिथेच खाली बसलो.

आत मशीन सरळ चालत होतं. मी खिडकीला कान लावून ऐकलं. एक टाका सुटला नाही, गुणगुणणं तुटलं नाही. शेवटी ती म्हणाली, "काय हो, घरात येऊन बघा की, परक्या माणसासारखे गजांतून काय बघताय?"

त्यानंतर मी गाडीवर चादर टाकली. मोडीत देण्याचा विचार आला, पण मग तो ठोका कुठे जाईल हे मला माहीत नव्हतं. म्हणून दर सुट्टीला थोडी चालू करायची, चुकली की बंद करायची, बस. बायकोला म्हटलं, "नको आता. राहू दे अशीच."

"तुम्ही आणि राहू दे?"

"कंटाळा आला."

मी तिला काय सांगणार होतो? की अगं, तू मधेमधे नसतेस? तिने मला डॉक्टरकडे नेलं असतं आणि डॉक्टरने तिचंच खरं मानलं असतं. मी सांगितलं नाही. हातातोंडाशी आलेलं काम सोडलं म्हणून नवरा खचलाय असं तिला वाटलं. मी शीळ वाजवायचं सोडलं होतं, तेही तिने टिपलं. एकदा ती गाडीवरची चादर नीट करत होती. मी विचारलं, काय करतेस? म्हणाली, "काही नाही. बिचारी."

गाडीला म्हणाली की मला, ते मी विचारलं नाही.

९

त्या दिवशी मी कामावरून परतत होतो. ऊन होतं, लख्ख. गल्लीच्या तोंडाशीच मला तो आवाज आला.

ठक ठक ठक ठक. सलग, गोल, भरलेला. घरापर्यंत पोचेपर्यंत मी एक तरी चूक शोधत होतो. पळत होतो आणि कान देऊन ऐकत होतो. एकही जागा रिकामी नव्हती.

शेडमध्ये मेव्हणा उकिडवा बसला होता. चादर घडी करून बाजूला ठेवली होती, कोपऱ्याला कोपरा जुळवून. तशी घडी या घरात एकच माणूस घालायचं. मी त्याला बाजूला ढकललं आणि प्लगचं टोपण उघड्या हाताने ओढून काढलं. दंडापर्यंत झटका बसला. इंजिन थांबलं.

"अहो साहेब, काय करताय?" मेव्हणा म्हणाला.

मी त्याच्याकडे बघितलं. लग्नात माझ्या मांडीवर झोपलेलं पोर. त्याने मला आजवर दाजीशिवाय दुसरी हाक मारली नव्हती.

"जुना कंडेन्सर कुठे आहे?"

"तो गेलेला होता साहेब. बाकीही बरंच भंगार होतं डब्यात. सगळं कचऱ्याच्या गाडीत टाकलं. गाडी आता एकदम मस्त आहे, ऐकलीत ना?"

"तुला कोणी बोलावलं?"

"फोन आला होता." तो आठवायला लागला. "ते घरी नसताना ये म्हणून. त्यांना बरं वाटेल म्हणून. कोण बोललं होतं बरं?" त्याने हात पुसले, माझ्याकडे बघितलं, घराकडे बघितलं. त्याला काहीतरी टोचत होतं, पण काय ते सापडत नव्हतं. "बाईमाणूस होतं बहुतेक."

"तुझी बहीण," मी म्हटलं. "ताई. तुझी ताई होती ती."

"मला बहीण नाही साहेब," तो नम्रपणे म्हणाला. अनोळखी माणसाला दुखवू नये म्हणून बोलतात तसा. "मी एकटाच."

खिडकीतून आतलं मशीन दिसत होतं. फळी थांबत आली होती, पण चाक अजून फिरत होतं. पडद्याचं कापड अर्धं शिवून झालं होतं. मोजमाप बघून मला कळलं, ते आमच्याच खिडकीचं होतं.

मी आत धावलो. स्टूल कोमट होतं. मी बसलो, पाय फळीवर टाकले आणि चाक थांबायच्या आत दाबले.

१०

मेव्हणा दारात आला. मग म्हणाला, "साहेब, मी निघू का?" मी हो म्हटलं.

गाडी पुन्हा बिघडवायचा प्रयत्न मी केला. सगळं करून बघितलं. पॉइंटची फट वाढवली, प्लगवर तेल ओतलं, गंजलेला कंडेन्सर शोधून आणला. एक तर गाडी नीट चालते, नाहीतर बंद पडते. चुकत नाही.

आता मी कामावरून आलो की मशीनवर बसतो. पडदा केव्हाच शिवून झाला. आता त्याच्यावरूनच मशीन मारतो, शिवणीवर शिवण, कापड पुठ्ठ्यासारखं जाड झालंय. माझे टाके वाकडे पडतात. शेजारीण विचारते, कोणाकडून शिकलात हो शिवायला? मी सांगतो, बायकोकडून. ती म्हणते, तुमचं लग्न झालं होतं का? आम्हाला माहीतच नव्हतं.

सकाळी उठल्याबरोबर कधी कधी हे मशीन घरात कशाला आहे तेच मला आठवत नाही. त्या फोटोग्राफरसारखा मी त्याच्याकडे बघत राहतो. विकायचा विचारही येतो. मग पाय फळीवर ठेवले की हळूहळू सगळं परत येतं. सवतीचे कपडे, किटली, टोचलेली बोटं. म्हणून आठवतंय तोवर हे सांगून घेतोय.

कारण अजूनही मशीन एखादा टाका सोडतं. फार क्वचित. बसून बसून पाठ मोडते तेव्हा कधीतरी. सुई खाली जाते आणि दोरा पकडत नाही, आणि तेवढ्या जागेत, माझ्या हाताशेजारी कापडावर आणखी एक हात असतो. बोटाच्या टोकाला कडक कातडी. तो कापड सरळ करतो, माझं वाकडं गेलेलं असतं म्हणून. मी मान वळवेपर्यंत टाका पुढे गेलेला असतो.

आता मी मान वळवत नाही. हाताकडेच बघत राहतो आणि पाय चालू ठेवतो.